तीन पटाश्या

माझे वडील सुतार. वळसंगात आणि आसपासच्या गावांत त्यांच्या हातच्या चौकटी अजून उभ्या आहेत. वर मधोमध गणपती आणि दोन्ही अंगांनी खाली उतरत आलेला वेल. लहानपणी त्यांची हत्यारांची पेटी पुसायचं काम माझ्याकडं होतं. फक्त पुसायचं. पटाशी लाकडाला लावलेली दिसली की आप्पा हातावर फटका द्यायचे. "बाईमाणसानं चालवली की हत्यार रुसतंय," म्हणायचे.

"मग पुसताना रुसत न्हाय का?" मी एकदा विचारलं. तेव्हा आईनंच मला गप्प केलं.

पेटी पुढं दादाकडं गेली. दादा प्लायवुडचं फर्निचर करतो, सगळं मशीनवर. आप्पांच्या पटाश्या त्याच्या माळ्यावर पडून आहेत.

मी सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगला आहे. नवरा मालट्रकवर, निम्मा महिना बाहेर. मुलगी लग्न होऊन गेली आणि संध्याकाळी घरात टीव्ही तेवढा उरला. एका संध्याकाळी तो बंद केला आणि ठरवलं, आता कोरायचं. कुणाला विचारायचं नाही.

पहिल्याच खरेदीत फसले. मोबाइलवर बारा नगांचा सेट दिसला. लाल-पिवळ्या मुठी, वर 'नवशिक्यांसाठी' असं लिहिलेलं. इतक्या स्वस्तात बारा म्हटल्यावर कुणाला मोह होणार नाही? घरी बाभळीची एक फळी होती, तिच्यावरच सुरुवात केली. दोन ठोक्यांत पहिल्या पटाशीची धार दुमडली. दुसरीची मूठ निघून हातात आली. नेमका त्याच रविवारी दादा आला. सेट बघून तो पोट धरून हसला.

"हे पुरणाच्या करंज्या कापायला ठेव," म्हणाला. जाताना दारातनं वळून म्हणाला, "आणि पेटी मागू नको हां. आप्पांचा जीव हाय तिच्यात."

मी पेटीचं नावही काढलं नव्हतं. मनात असून कधी काढलं नव्हतं. तो गेल्यावर बारा नग पिशवीत भरले आणि भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकले. पेटी आता कुणी पायाशी आणून ठेवली तरी नको, असं त्या दिवशी मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या आठवड्यात कारखान्यातून सुटून मधल्या मारुतीकडच्या हत्यारांच्या एका दुकानात गेले. गर्दी होती, सगळे पुरुष. दुकानदारानं सगळ्यांचं आटोपल्यावर माझ्याकडं बघितलं.

"बोला मावशी. कुणासाठी पायजे?"

"माझ्यासाठी. कोरायच्या पटाश्या."

"मिस्त्रीला पाठवून द्या की. त्याला कळतंय कुठली घ्यायची ते."

"मिस्त्री मीच हाय," मी म्हणाले. खोटंच होतं ते, पण तोंडातून गेलं आणि बरं वाटलं.

त्यानं आधी पाकिटातला सेट काढला. तसल्याच रंगीत मुठी. मी तो परत सरकवला. मग परदेशी पटाश्यांचा लाकडी डबा दाखवला, मखमलीत ठेवलेल्या. त्याला मी हातही लावला नाही. म्हटलं, "सुट्या दाखवा. साध्या. सुतार रोज वापरतात तसल्या."

आयुष्यभर कापड कापलंय मी. दहा कात्र्यांपेक्षा एक चांगली कात्री बरी, हे मला कुणी शिकवायला नको. कात्री विकत घेताना काय बघायचं तेच इथं बघायचं ठरवलं. पातं सरळ आहे का, मुठीत हलतंय का, पोलाद मऊ तर नाही. दुकानदार सुस्कारे टाकत होता. मी एकेक पटाशी उजेडात धरून डोळ्यापुढं आणली. पातं मुठीत बरोबर मधोमध बसलेलं नसेल ती बाजूला ठेवली. मागची बाजू सपाट नसेल तीही बाजूला. एकीला त्याच्याकडच्या दगडावर चार हात मारून धार काढली आणि अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवली. घसरली नाही, नखाला धरून राहिली. म्हटलं, ही.

शेवटी तीन घेतल्या. एक सरळ, एक मध्यम गोलाईची आणि एक बारीक, खोल गोलाईची. मोठी पटाशी घेतली नाही, तिचे पैसे वाचले त्यातून दोन तोंडांचा दगड घेतला, एका बाजूनं खरबरीत, दुसऱ्या बाजूनं बारीक. पटाशीवर मारायची ठोकणी विकत घेतलीच नाही. वखारीतून शिवणीच्या लाकडाचे तुकडे आणले, त्यांच्याबरोबर एक जाड ओंडका मिळाला, त्याचीच केली. शिवण मऊ असते, पटाशीला सोसते. बाभूळ हे नवशिक्याचं लाकूड नव्हेच, पण ते मला धार मोडल्यावर कळलं.

"तीनच?" दुकानदार म्हणाला. "ह्यात काय होतंय?"

"ज्या दिवशी ह्यांनी होणार नाही, त्या दिवशी चौथी न्यायला येते की," मी म्हणाले.

सुरुवातीला कोरलेली पानं कसली, बटाट्याचे काप दिसत होते. लाकडातल्या रेषांच्या उलट पटाशी गेली की ते फाटायचं. बोटं कापली. कारखान्यात बायका विचारायच्या, कटिंग मशीननं लागलं का? मी सांगायचे, नाही, माझ्या हौसेनं लागलंय. हळूहळू पान पानासारखं दिसायला लागलं, मग वेल वळायला लागला. नवऱ्यानं एकदा ट्रकच्या केबिनमध्ये लावायला म्हणून एक मोर मागून नेला. मान जरा आखूड झाली होती. तरी त्यानं नेला.

दादानं वळसंगात नवीन घर बांधायला काढलं तेव्हा माझ्या कामाचे फोटो कुणाकडून तरी आप्पांपर्यंत पोचले होते. मला बोलावणं आलं. आप्पांचे हात आता थरथरतात, चहाची बशीसुद्धा दोन्ही हातांनी धरावी लागते. मी गेले तर ओसरीवर पेटी आणून ठेवलेली. झाकण उघडं. आतल्या पटाश्या तेल लावून चकचकीत केलेल्या. कुणी पुसल्या असतील कोण जाणे.

"घिऊन जा," आप्पा म्हणाले. "दारावरची गणेशपट्टी तू कर. येल माझा ध्यानात हाय न्हवं तुझ्या?"

चाळीस-पंचेचाळीस वर्षांची बाई मी, पण क्षणभर पुन्हा परकरातली पोर झाले.

मग दादा म्हणाला, "फक्त एक हाय. लोकांना सांगायचं, आप्पांनी केली. त्यांचं शेवटचं काम म्हणून. गावात सगळ्यांना तेच बरं वाटंल."

मी आप्पांकडं बघितलं. मला वाटलं, ते दादाला गप्प बसवतील.

"काम तुझं, नाव माझं," आप्पा म्हणाले. "त्यात काय बिघडलं? बापाचंच नाव हाय की."

"लग्न होईपर्यंत तुमचंच नाव लावलं, आप्पा. मग नवऱ्याचं लावलं. काम तेवढं माझ्या नावावर राहू द्या."

"माझ्या हातानं होत न्हाय आता, दिसतंय न्हवं तुला?"

"दिसतंय. लई वाईट वाटतंय. पण माझ्या हातानं होतंय, ते बी तुमी बघा की."

त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं. दादानं मात्र बोलायचं काही शिल्लक ठेवलं नाही. आजारी बापाचं मन मोडलंस, तुला मोठेपणा चढला, चार पानं कोरली म्हणजे सुतार झालीस काय. मी पेटीचं झाकण लावलं, चप्पल घातली आणि अक्कलकोट रोडवर येऊन गाडीची वाट बघत उभी राहिले. उन्हात डोळ्यांतलं पाणी वाळत होतं. पण परत जावंसं एकदाही वाटलं नाही.

वास्तुशांतीला मी गेले. गेले नसते तर घाबरले असं म्हटलं असतं सगळ्यांनी. दारावर साधी पट्टी होती, पॉलिश मारलेली. जेवणाच्या पंगतीत गल्लीतल्या, घरी कानडी बोलणाऱ्या काकूंनी मोठ्यानं विचारलं, "सुताराच्या घराला गणपती न्हाय? हे कसं काय?"

दादा वाढता वाढता थांबला.

"गणेशपट्टी मी करणार होते," मी म्हणाले. "ह्यांना माझ्या नावानं करून घ्यायची नव्हती, म्हणून राहिली."

आप्पा समोरच खुर्चीवर होते. त्यांनी ऐकलं. खाली बघत भात कालवत राहिले. दादा नंतर मला स्वयंपाकघरात ओढत नेऊन म्हणाला, "समाधान झालं तुझं?"

"झालं," मी म्हणाले. खरंच झालं होतं.

त्याच काकूंनी निघताना माझा हात धरला. "माझ्या देव्हाऱ्याला दोन दारं करून देशील काय गं? येल न्हाय तर न्हाय, तुला जमंल ते काढ." मी करून दिली. वेल काढला नाहीच. तो आप्पांचा. मी करडईची फुलं काढली, त्यांच्या काटेरी पानांसकट. त्या काट्यांना माझी बारीक पटाशी पुरेना, म्हणून पुन्हा त्याच दुकानात गेले आणि टोकाला कोन असलेली चौथी घेतली. या वेळी दुकानदारानं कुणासाठी म्हणून विचारलं नाही. नुसता सुट्या पटाश्यांचा ट्रे पुढं केला.

देव्हारा काकूंच्या घरी बसला आहे. दादाच्या घरापासून चार घरं सोडून. गावातल्या बायका बघून जातात, म्हणे. आप्पा अजून बघायला गेलेले नाहीत. मीही फोटो पाठवला नाही. बघायचा असेल तर काकूंचं दार उघडंच असतं. नाही बघितला तरी फुलं कोरलेली आहेत ती काही पुसली जायची नाहीत.

सध्या काकूंच्या बहिणीसाठी पाट करते आहे. कोपऱ्यात माझं नाव कोरून ठेवलंय, बारीक अक्षरात, पण खोल.