परक्याच्या हातात चारी चाकं

सन १९८६. मी एकेचाळीस वर्षांचा होतो आणि हर्सूलच्या रस्त्याला माझ्याच गॅरेजात उभा राहून सर्जेराव माझ्यावर ओरडत होता.

"मिस्त्री, गाडी चिवचिव करती! लोक माना वर करून बघतात, पाखरं कुठं बसलीत म्हणून. तुम्हीच पास केली होती ना?"

पास मीच केली होती. जीप आधी खलीलभाईंची. फोर व्हील. ते खेड्यापाड्यात विहिरींवर मोटारी बसवायचे. चिखलातून, नाल्यातून त्यांनी ती बैलासारखी वापरली आणि बैलासारखीच जपली. ती विकायला निघाली तेव्हा सर्जेराव मला म्हणाला, तुम्ही व्हय म्हणा, मी घेतो. मी खालीवर बघितली, शेतात चिखलात घालून बघितली आणि व्हय म्हणालो. सर्जेरावाची तलावाकडं मळीची शेती होती. जमीन काळी, डोकं मुरमाड.

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण आवाज मला वाचता येतो. करकर म्हणजे पाटा, चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग. किर्र म्हणजे ब्रेक. चिवचिव म्हणजे क्रॉस. क्रॉस म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा सांधा. इंजिनचा जोर चाकाकडं नेणारी लांब दांडी असती, तिच्या टोकाला अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा असतो. त्यात सुईएवढ्या बारीक बेअरिंगा. ग्रीस सुकलं की त्या ओरडतात. नवाच प्रकार नव्हे.

पण मला ओरडणं ऐकायला तर यायला पायजे! मी गाडी घेऊन डांबरी रस्त्यानं जाऊन आलो. गप्प. हळू नेली, जोरात नेली, खड्ड्यात घातली. गप्प. ट्रायलला मी मालकाला बरोबर घेत नाय. तो कानाशी बोलत राहतो आणि गाडी ऐकू येत नाय.

"आवाज नाय," मी म्हणालो.

"हाय."

"तुमच्या कानात मळ हाय."

तो गाडी घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला. चिवचिव. मी चालवली, गप्प. असं किती वेळा झालं ते विचारू नका. मधी तो दुसऱ्या एका गॅरेजात गेला. तिथल्या महाभागानं पाट्यांवर डिझेल शिंपडलं, दिसंल तिथं ग्रीस थापलं आणि म्हणाला, गिअरबॉक्स खोलावा लागंल. मिस्त्री लोकांत असे लई असतात. ताप कशाचा ते कळंना की पोट फाडायला निघतात. मी आवाज ऐकल्याशिवाय पाना लावत नाय.

मग सर्जेरावानं चौकातल्या टपरीवर, भरल्या बाकड्यांसमोर तोंड उघडलं. म्हणाला, मिस्त्री आणि खलीलभाई मिळालेले आहेत, दोघांनी मला जुनाट माल गळ्यात बांधला. त्या दिवसापासून मी त्या टपरीचा चहा बंद केला. कारण बाकड्यावरच्या एकानंही त्याला अडवलं नव्हतं.

ती गोष्ट खलीलभाईंच्या कानावर गेली. ते गॅरेजात आले. बसले नाहीत.

"मिस्त्री, मैं गाडी वापस लेता. लोगां बोलते मैंने धोका दिया. अपने को ये सुनना नै."

"तुम्ही परत घेतली तर मी खोटं बोललो असं होतं."

"तो फिर आवाज किधर से आता, बोलो."

 

तेवढ्यात सर्जेराव जीप घेऊन आलाच. परत द्यायची म्हटल्यावर खुलला. "चला, आत्ताच खलीलभाईंच्या दारात लावतो. मिस्त्री, तुम्ही पण चला साक्षीला."

खलीलभाई मागं चढले. मला डाव्या बाजूला बसावं लागलं. मी दुसऱ्याच्या बाजूला बसत नाय. ज्यानं जन्मभर स्टिअरिंग धरलं त्यानं तिथं पाय कुठं ठेवायचे? पण बसलो.

अंगणातल्या मातीतून निघता निघता सर्जेरावाचा हात खाली गेला आणि गिअरशेजारचा छोटा लीवर त्यानं खटकन ओढला. डांबर लागलं. वळण आलं. पुढून, खालून, चिवचिव, चिवचिव.

"थांब!" मी ओरडलो. "हात कशाला गेला तिकडं?"

"चारी चाकं लावली. दोनावरच चालवायची तर टेम्पो नसता का घेतला?"

"रोज अशीच चालवतो?"

"मग!"

"आणि माझ्याकडं आणतो तेव्हा?"

"तेव्हा काढून देतो. परक्याच्या हातात चारी चाकं कशाला झिजवायची?"

मागून खलीलभाई असे हसले की जीप हलली. "अरे बाप रे! बैल एक देता, और पूछता जोत कायकू नै चलता!"

आता वाचणाऱ्यांनी ऐकावं. चारी चाकांची ओढ चिखलासाठी, वाळूसाठी असती. वळताना पुढच्या चाकांना जास्त लांब जावं लागतं, मागच्यांना कमी. चारी एकत्र जुंपली की एका चुलीवरच्या जावांसारखी आपसात ओढाओढ लागती. मातीत चाक जरासं घसरतं आणि भांडण मिटतं. डांबरावर मिटत नाय. सगळा ताण पुढच्या क्रॉसवर. डांबरावर चारी चाकं लावून बघावी असं माझ्या डोक्यात कसं आलं नाय? शहाणा माणूस जे करत नाय ते शहाण्याला सुचत नाय, दुसरं काय.

गाडी वळवून गॅरेजात आणली. पुढचा शाफ्ट उतरवला. ग्रीस भरायचं बारीक तोंड वाळल्या चिखलानं बुजलेलं. वरून थापलेलं ग्रीस वरच राहिलेलं. आत बेअरिंगांचा तांबडा भुगा. आणखी थोडे दिवस गेले असते तर क्रॉस तुटून शाफ्ट रस्त्यात रुतला असता. नवा क्रॉस घातला, ग्रीस भरलं, सर्जेरावाला दोन चाकांवर रस्त्यानं पिटाळलं. गप्प गेला, गप्प आला.

"आवाज नाय," तो म्हणाला. "पण रुबाबही नाय वाटत."

"रुबाब चिखलात दाखव. आणि टपरीवर जे बोलला ते टपरीवरच फेड."

"जाऊ द्या ना, मिस्त्री."

"मी जाऊ देत नसतो."

तेव्हापासून माझा नियम एकच: बिघाड गाडीतही शोधावा आणि मालकाच्या हातातही. त्यासाठी डाव्या बाजूला बसावं लागतं. मला ते अजूनही पसंत नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी खलीलभाईंना घेऊन मी टपरीवर जाऊन पुढच्याच बाकड्यावर बसलो. सर्जेराव आला. टपरीवाल्यानं विचारलं, "आज पाखरं उडाली वाटतं, सर्जेराव? काय होतं?"

"मिस्त्रींना विचार."

"मला नाय," मी म्हणालो. "तोंड तुझं होतं."

त्यानं सांगितलं. खाली बघून, निम्मं गिळत, पण चाकं, लीवर, परका हात, सगळं सांगितलं. बाकडी हसली. खलीलभाई हसले नाहीत. त्यांनी सरकून सर्जेरावाला जागा दिली.

मग मी चहा मागवला. पहिल्यासारखाच पांचट होता. मी दोन कप घेतले.