माझ्याच अक्षरातला बोर्ड

राजेहो, आधी चहा घ्या. नंतर तोंडाची चव जाणार आहे. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मी तो धोंडा आधी रंगवला, त्यावर वेलबुट्टी काढली आणि मग मारला!

मी तुमसरला एका फॅमिली रेस्टॉरंटात वेटर आहे. पगार येतो तो खोलीभाड्यात आणि हप्त्यात जातो, त्याचं तोंडसुद्धा मला नीट दिसत नाही. घर चालतं टिपांवर. बिलासोबत बडीशेपेची वाटी ठेवायची. गिऱ्हाईक मूठभर बडीशेप खातं आणि जाताना वाटीखाली दहा-वीस सरकवतं. त्यातच आमचं तेल, भाजी आणि पोरीच्या शाळेचा ऑटो.

जूनमध्ये ऑटोवाल्यानं भाडं वाढवलं. बायको, म्हणजे वैशाली, म्हणाली, "मालकाले पगार वाढवून मांगा ना! तोंड नाई का तुमाले?"

तोंड आहे हो! तोंडानंच तर घात केला.

आमच्यातले सगळ्यात जुने वेटर तुळशीरामकाका. त्यांनी बजावलं होतं, "पाया पड, रड, पण डोस्कं चालवू नको." ऐकेन तो मी कसला? दुपारची गर्दी ओसरली, मालक गल्ल्यावर एकटेच होते, आणि मी सुरू झालो.

"मालक, लोक आमाले टीप कायले देतात, मालूम आहे का?"

"कायले?"

"दया येते त्याइले! म्हणतात, याचा मालक याले काही देत नसंन. तुमची इज्जत जाऊन राहिली, मालक!"

आता आमचे मालक म्हणजे लग्नपत्रिकेत नाव दुसऱ्या ओळीत छापलं म्हणून सख्ख्या साळ्याच्या लग्नात न जेवलेला माणूस. चेहरा एकदम उतरला.

"खरं बोलून राहिला का तू?"

"पोरीची शपथ!"

"मंग वाढवतो पगार. सगळ्याइचा!"

काय सांगू! मी किचनमध्ये जाऊन ओरडलो. तुळशीरामकाकांनी मला मिठी मारली. आणि तेवढ्यात मालकांची हाक आली. "तुयं अक्षर चांगलं आहे ना? एक बोर्ड लिहून दे."

आमच्या मोहल्ल्यात जयंतीचा फलक दरवर्षी माझ्याच हातचा असतो. मी बाह्या सरसावल्या. मालक सांगत गेले, मी लिहीत गेलो. 'आमच्या कामगारांना भरपूर पगार मिळतो.' वा! ऊर भरून आला माझा. 'भरपूर' तर मी लाल रंगात काढलं. चारी बाजूंनी वेल काढली.

"आता खालची ओळ," मालक म्हणाले. "कृपया टीप देऊन त्यांचा अपमान करू नये."

माझा ब्रश थांबला. "हे कायले, मालक?"

"काहून? तूच तर म्हटलं! लोकाइले दया नको यायले."

भाषण माझं, शपथ माझी. लिहिलं! आणि हाताला खोड अशी वाईट, की तीही ओळ देखणीच उतरली.

"आणि पगारवाढ, मालक?"

"दिवाळीपासून."

बोर्ड मात्र त्याच संध्याकाळी लागला, अगदी गल्ल्याच्या वर.

झालं! टिपा बंद. आधी न देणारे चिक्कू निदान नजर चुकवून जायचे. आता तेही बोर्ड वाचून छाती काढून जातात. बडीशेप मात्र दुप्पट खातात. तुळशीरामकाका माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं की फ्रिजकडे पाहून म्हणतात, "फ्रिजभाऊ, तीन नंबरले पाणी कोण देईन?" पोरीचा ऑटो बंद झाला. वैशाली तिला उन्हापावसात चालवत नेते आणि मला एक शब्द बोलत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो.

मी मालकांकडे गेलो. म्हटलं, "मालक, बोर्ड काढून टाकू. दया नाई येत लोकाइले, खुशीनं देतात ते."

मालकांनी डोळे बारीक केले. "मंग पोरीची खोटी शपथ घेतली का तू?"

आलो परत.

परवा अड्याळचे एक रिटायर गुरुजी जेवायला आले. हात धुतले आणि बोर्डासमोर उभे राहिले ते हलेचनात.

"काय अक्षर आहे! कोणाचं जी हे?"

"माझंच, गुरुजी."

"तुमचं? बाप्पा! असं अक्षर आता पाहाले नाई भेटत." गुरुजींनी खिशात हात घातला आणि पाचशेची नोट काढली. पाचशे, राजेहो! पोरगी ऑटोत बसलेली दिसली मला. माझा हात आपोआप पुढे झाला.

गुरुजींची नजर पुन्हा एकदा कौतुकानं बोर्डावर गेली. या वेळी खालच्या ओळीवर.

त्यांनी जीभ चावली. नोट खिशात परत ठेवली. माझा पुढे आलेला हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "माफ करा बरं, भाऊ. तुमचा अपमानच करून राहिलो होतो मी!"

आणि मी काय म्हणालो असेन?

"काही हरकत नाई, गुरुजी."

इज्जत होती ना आता मला!