उचललेली पिकअप

आमच्या शेजाऱ्यांची जमीन चाकणच्या कारखान्यांत गेली, तेव्हापासून त्यांना उंचीचा नाद लागला. आधी घरावर मजला चढला, मग दारात कमान आली. यंदा पिकअपला मोठे टायर लावून त्यांनी तीही वीतभर उचलून घेतली. बोलताना ते तिच्या बॉनेटवर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारतात.

"कसा दिसतोय रुबाब, राव?"

"झकास. पण आई चढणार कशा?"

"तिला कुठं जायाचंय?"

त्यांच्या आई रोज सकाळी गाडीला हळदकुंकू वाहतात. पूर्वी बॉनेटवर वाहायच्या. आता हात पोचतो तिथे, बंपरवर. मागच्या महिन्यात त्या पुढे उभ्या असतानाच शेजाऱ्यांनी गाडी हलवली; उंच बॉनेटमागून त्या त्यांना दिसल्याच नाहीत. मी गॅलरीतून जिवाच्या आकांताने ओरडलो. गाडी हातभर अलीकडे थांबली. ते उतरले, आणि पहिल्यांदाच त्यांनी थाप मारली नाही.

मला वाटलं, आता गाडी खाली येईल. तसं झालं नाही. पूजा झाली की ते स्टूल लावून आईंना आधी बाजूच्या सीटवर बसवतात आणि फाटकाशी नेऊन उतरवतात. आईंना कुठंच जायचं नसतं. पण काचेमागे त्यांचा पदर दिसेपर्यंत मी गॅलरीतून हलत नाही.