बेंगळुरूत संपाला झाकण असतं

जायचं ठरलं ते रागातून. उन्हाळी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आमच्या शाळा समितीच्या अध्यक्ष मंगलताई वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि अगदी थंडपणे म्हणाल्या, "बाई, औंदा परत संप केलासा तर आम्ही पोरं इंग्लिश शाळेच्या व्हॅनमध्ये बसवणार. ठरलंय आमचं." एवढं बोलून त्या गेल्यासुद्धा. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि शिक्षक संघटनेच्या तालुका शाखेची सचिव आहे. मागे पेन्शनसाठी आम्ही संपावर गेलो, तेव्हापासून गाव आमच्याशी कामापुरतंच बोलतं. पुन्हा संपावर जायचं का, हे ठरवायची शाखेची बैठक जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी होती. पोरं व्हॅनमध्ये बसली तर आमची शाळाच राहत नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सुट्टीभर मी धुसफुसत होते. त्यात बेंगळुरूहून उमाचा फोन आला. उमा माझी मावसबहीण, मूळची निपाणीची. लग्न होऊन तिकडे गेली आणि आता पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात एका सरकारी कन्नड शाळेत शिकवते. तीही तिथल्या शिक्षक संघटनेत आहे. मी तिच्यापुढे मन मोकळं केलं, तर म्हणते कशी, त्यांच्याकडे काम बंद होतं तेव्हा आयांनीच शाळा सांभाळली. मी म्हटलं, थापा मारू नकोस. ती म्हणाली, ये आणि बघ. कर्नाटकातल्या शाळा आपल्या आधी उघडतात, तेव्हा आमची सुट्टी संपायच्या आत त्यांची भरलेली शाळा बघता येणार होती. दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढलं.

तुम्ही आमच्या बाजूने जाणार असाल तर मिरजेहून रेल्वेनेच जा. स्लीपरचं तिकीट खिशाला परवडतं, फक्त आधी काढून ठेवा. डबा घरून न्या, गाडीतल्या बिर्याणीबद्दल मी काही बोलत नाही. सकाळी उतरायचं ते यशवंतपूरला, मुख्य स्टेशनपर्यंत जायचं नाही. यशवंतपूरला लागूनच मेट्रो आहे आणि हिरव्या लाइनवर एका दिशेला पीण्या, दुसऱ्या दिशेला उमा राहते ते बसवनगुडी. बाहेरचे रिक्षावाले आपल्याकडची बॅग बघून भाव सांगतात, त्यांना गोड हसून पुढे चालू लागायचं. जून उजाडला होता आणि हवा इतकी गार, की मी बॅगेच्या तळातली शाल शोधत बसले.

उमाच्या सासरची माणसं कैक पिढ्यांपासून इथली. घरात मराठी बोलतात, पण ती ऐकताना मला जरा सावरून बसावं लागलं. सासूबाई मला म्हणाल्या, "सरी, आधी स्वल्प कॉफी घे, मग अक्का तुला ऊर दाखवील." सरी म्हणजे बरं, स्वल्प म्हणजे थोडी, ऊर म्हणजे गाव, आणि अक्का म्हणजे उमा. सासूबाईच सुनेला अक्का म्हणतात, घरातली पोरं म्हणतात म्हणून. नाश्त्याला गांधी बाजारात जा. उभ्याने खायची हॉटेलं आहेत, बसायला जागा शोधू नका, नाही मिळणार. इडली, वडा आणि कॉफी मिळून शंभराच्या आसपास. चटणी पुन्हा मागितली तर कुणी तोंड वाकडं करत नाही, आणि आमच्याकडच्या हॉटेलवाल्यांनी निदान एवढ्यासाठी तरी एकदा इथे यावं.

पीण्या म्हणजे पर्यटनस्थळ नव्हे, तुम्हाला कुणी जा म्हणणार नाही. मेट्रोतून उतरलं की लेथ मशिनचा आवाज आणि तेलाचा वास. बोळाबोळात शेड, प्रत्येक शेडमध्ये काहीतरी कापलं, घासलं, ठोकलं जातंय. उमाची शाळा अशाच एका बोळाच्या टोकाला आहे. मुलं कुणाची म्हणाल तर कारखान्यातल्या नाहीतर शिलाईच्या युनिटमधल्या कामगारांची. रायचूर, कलबुर्गी, बिहार, ओडिशा, सगळीकडची. पटांगणाच्या कोपऱ्यात एक सिमेंटचा चौथरा, त्याच्यावर लोखंडी झाकण, शेजारी खुर्ची. मला वाटलं, शिपायाची असेल.

शाळा सुटायच्या वेळी एक बाई आली. उमाने ओळख करून दिली, ही लक्ष्मक्का, शाळा समितीची अध्यक्ष. शिलाईच्या युनिटमध्ये कामाला, मूळची अथणीची, म्हणजे मराठी येणारी. मला इतकं बरं वाटलं. प्रवासभर जे साठलं होतं ते मी तिच्यापुढेच ओतलं. म्हटलं, आमच्याकडे संप झाला आणि सगळं बिघडलं, गावाने बोलणं टाकलं.

लक्ष्मक्का गंभीर झाली. "झाकण उघडं ऱ्हायलं व्हय?"

मला वाटलं, ही काहीतरी कानडी म्हण असेल. म्हटलं, नाही हो, झाकण कसलं, अख्ख्या जिल्ह्याचा संप होता. ती म्हणाली, "जिल्ह्याला एकच? लई थोरला असंल." मी म्हटलं, थोरला तर होताच, आठवडाभर चालला. यावर तिने तोंडावर हात ठेवला. "एकदा भरला की आठवडाभर?"

उमा तोवर भिंतीला टेकून डोळे पुसत होती. हसण्याने तिला बोलता येईना. मग कळलं. बेंगळुरूत संप म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. घर भाड्याने घेताना माणसं आधी विचारतात, संप केवढा आहे. आपण जे काम बंद ठेवतो त्याला इथे मुष्कर म्हणतात. मी ज्या चौथऱ्याजवळ उभी होते, तोच शाळेचा संप. लक्ष्मक्काला हे सांगितल्यावर तीही हसली, आणि मीही हसले, बऱ्याच महिन्यांनी.

हसणं ओसरल्यावर उमाने सगळं सांगितलं. दोनेक वर्षांमागे त्यांची संघटनाही आमच्यासारखीच घरोघर गेली होती, छापील पत्रकं घेऊन. आमच्या मागण्या या या आहेत, पाठिंबा द्या. लोकांनी पत्रकं घेतली आणि दार लावलं. तो उन्हाळा फार वाईट होता, बोळातली बोअर आटली होती. लक्ष्मक्का तेव्हा नुसती एक पालक होती. तिने पत्रक हातात धरूनच विचारलं, हे राहू दे मिस, तुमच्या संपात पाणी आहे ना, ते आम्हाला मिळेल का?

शाळेचं पाणी असं वाटता येत नाही. शिक्षकांत भांडणं झाली. कुणी म्हणालं नियम आहे, कुणी म्हणालं आपण शिकवायला आलोय. शेवटी संघटनेच्या त्या भागातल्या शाखेने वरच्या ऑफिसात खेटे घालून परवानगी आणली. शाळा सुटल्यावर तासभर झाकण उघडायचं, बोळातल्या बायकांनी घागरी भरून न्यायच्या. अट एकच, झाकण उघडं असेतो एका शिक्षकाने तिथून हलायचं नाही, पटांगणात लहान मुलं असतात म्हणून. तर शिक्षक पाळीपाळीने खुर्ची टाकून बसू लागले. आणि तासभर खुर्चीत बसून माणूस करणार काय? बायका रांगेत बोलायच्या, हे ऐकायचे. कुणाचा मुलगा वर्गात का झोपतो, तर एकाच खोलीत बाप दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री येऊन दिवा लावतो. कुणी सभेला का येत नाही, तर सभा नेमकी पाळी बदलायच्या वेळी. हळूहळू बायका विचारू लागल्या, मिस, त्या कागदावर काय लिहिलं होतं?

पुढे नळाला पाणी आलं, पण खुर्ची राहिली. दर शनिवारी शाळा सुटल्यावर कुणीतरी शिक्षक तिथे बसतो. लोक त्याला संपकट्टे म्हणतात. कट्टे म्हणजे आपला कट्टाच.

इथे माझं डोकं फिरलं, खोटं कशाला बोलू. मी उमाला म्हटलं, पाणी वाटणं हे संघटनेचं काम आहे का? आपण काय पुण्य कमवायला निघालोय? उद्या म्हणतील, रस्ते झाडा. आपल्या हक्कासाठी आपल्याला कुणाची मनधरणी का करावी लागावी?

उमा चिडली नाही. म्हणाली, "वैशू, मनधरणी केली तेव्हा तर त्यांनी दार लावलं. पुढे आमचं काम बंद होतं तेव्हा मी लक्ष्मक्काला काही मागितलं नव्हतं. तारीख तेवढी आधी सांगितली होती."

तारीख कळली म्हणून बायकांनी आपापसात पाळ्या ठरवल्या होत्या. दोघीतिघी रोज पटांगणात मुलं घेऊन बसायच्या, स्वयंपाकीण दुपारचं शिजवायची. अधिकारी चौकशीला आले तर लक्ष्मक्काने त्यांना सांगितलं, मिस लोक येतील, त्यांचं काय ते तुम्ही बघा. सगळं गोड झालं असं नाही. काही मुलं तरीही खासगी शाळेत गेली, एका मास्तरांची बदली झाली, आणि मागण्या अजून तशाच लोंबकळताहेत. उमाने हेही आडपडदा न ठेवता सांगितलं.

शनिवारी मी स्वतः कट्ट्यावर बसले. उमाच्या शेजारी, स्टुलावर. काही विशेष घडलं नाही. एका बाईला बँकेचा मेसेज वाचून हवा होता. एक आजोबा नातवाची तक्रार घेऊन आले आणि त्याचं कौतुक करून गेले. मला निम्मं कळत नव्हतं. पण गेल्या वर्षभरात माझ्याशी कुणी असं उगाच येऊन बोललं नव्हतं. उमाने चहा मागवला.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. उमाच्या सासूबाईंनी बांधून दिलेलं चित्रान्न, म्हणजे फोडणीचा पिवळा भात, हुबळीपर्यंत पुरलं. सोबत काय आणलं म्हणाल तर फिल्टर कॉफीची पावडर, गांधी बाजारातल्या मोगऱ्याचा गजरा, जो वाटेतच सुकला, आणि डोक्यात एक भुंगा.

गावी आल्यावर शाखेच्या बैठकीआधी मी माझ्या सहशिक्षकांना, पाटील गुरुजींना घेऊन मंगलताईंच्या घरी गेले. त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. संपाबद्दल बोलायचंय म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. मी म्हटलं, पुन्हा करायचा की नाही ते अजून ठरलं नाही. गेल्या खेपेला तुम्हाला कशाचा त्रास झाला, तेवढं आधी ऐकायला आलोय.

त्यांनी हातातली शेंग पाटीत टाकली. मग त्यांनी सांगितलं. त्या शेतात भांगलणीला, तण काढायला गेल्या होत्या, शाळा बंद असल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. धाकटी मुलगी शाळेच्या कुलपासमोर दुपारपर्यंत बसून राहिली, शाळेतल्या भाताची वाट बघत. आम्ही कशासाठी बसलोय हे त्यांना संध्याकाळी टीव्हीवर कळलं. आवाज न चढवता सांगत होत्या, आणि पाटील गुरुजी खाली मान घालून ऐकत होते. माझीही मान वर होत नव्हती.

मी म्हटलं, या वेळी जे काही होईल ते आधी तुम्हाला सांगू, दुपारच्या जेवणाची सोय लावूनच ठरवू. आणि आमचं मागणं काय आहे तेही सांगते. मी पेन्शनचं सुरू केलं, जुनी योजना, नवी योजना, कपात. सभेत सांगते तसं.

मंगलताईंनी हात वर केला. "थांबा बाई. मला एकटीला नका सांगू." त्यांनी कुंपणावरून शेजारच्या दोघींना हाक मारली, त्या आल्या, पोतं अंथरलं गेलं, शेंगांची पाटी मध्ये सरकली.

"हां," मंगलताई म्हणाल्या, "आता पहिल्यापास्नं सांगा. पेन्शन म्हंजे नेमकं काय असतं? आमच्यात कुणालाच नसती."

मी पहिल्यापासून सांगायला लागले.