मी मालकाच्या बाजूनं साक्ष दिली

"सांग की गं, तुझ्या बापाला आमच्या घरात कधी उपाशी ठेवलं का?"

भरल्या वर्गात सरांनी हे विचारलं. कलबुर्गीत, एमए इतिहासाच्या वर्गात. मुद्दाम मराठीत, आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून कानडीत. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांवर मी बोलत होते. माहिती सगळी नेटवरची. जहाजांच्या याद्या, मालकांची पत्रं, जुनी वर्तमानपत्रं, सगळं फुकट वाचता येतं. बोलता बोलता 'आपल्याकडचा सालगडी' एवढंच तोंडातून गेलं आणि सर उठले. सर औरादकडचे, आमच्याच गावचे. माझे वडील पाडव्यापासून पाडव्यापर्यंत त्यांच्या घरी राबले. अशी एकवीस वर्षं.

मी म्हणाले, "न्हाई, सर."

"बघा. आमच्यात गडी म्हंजे घरचाच माणूस."

वर्ग हसला. मीही हसले. ते हसू आठवलं की माझी मलाच किळस येते. मार्क त्यांच्या हातात होते, हे कारण मी स्वतःला किती वेळा दिलं असेल.

दोन दिवसांनी वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बसले. गुलाम राबवणाऱ्या एका मळेवाल्याचं पत्र उघडलं. माझी माणसं सुखात आहेत, पोटभर खातात, असं त्यानं लिहिलं होतं. दुसऱ्या साइटवर त्याचीच वर्तमानपत्रातली जाहिरात सापडली. त्याचा एक माणूस पळाला होता. कुठल्या मुलखातून आणलेला, पाठीवर वळ कसे, सगळं तपशीलवार. सुखातला माणूस पळेल कशाला? त्या मालकाला निदान स्वतःचं पत्र स्वतः लिहावं लागलं. सरांना तेवढेही कष्ट पडले नाहीत. त्यांच्यासाठी गड्याच्या पोरीनं साक्ष दिली, तीही हसून.

घरी फोन लावला.

"अप्पा, मालकाकडं जेवायला कुठं बसायचे तुमी?"

"गोठ्यात. कामून?"

"अन् ताट?"

"तिथंच कोनाड्यात ऱ्हायचं. आपलं आपुन धुवायचं." मग म्हणाले, "सरला काय बोलू नगंस, माय. तुझं शिक्षण हाय."

मी सरांचं नावही काढलं नव्हतं.

त्या माणसांचं आणि आमचं दुःख एक नव्हे, हे मला कळतं. त्यांना समुद्रापार नेऊन विकलं. अप्पांना कुणी विकलं नाही. पण मालकाविरुद्ध बोलायची ही भीती मी ओळखते. ती आमच्याच घरात वाढली.

पुढच्या तासाला मी उभी राहिले.

"सर, त्या दिवशी मी अर्धंच बोलले. अप्पाला तुमी उपाशी ठेवलं न्हाई. बैलाशेजारी जेवाय घातलं. एकवीस वर्सं."

"बस खाली."

बसले नाही.

प्रबंधाचा विषय मी बदलून दिलाय. औराद भागातले सालगडी, त्यांच्याच तोंडून. सर सही करत नाहीत. नाही तर नाही, दुसऱ्या सरांची आणीन. पहिली मुलाखत अप्पांची. ते नको म्हणतात. हो म्हणेपर्यंत मी त्यांच्यासमोर बसून राहीन. प्रत्येक गडी त्यात नावानिशी येईल. आणि भरल्या वर्गात मालकाच्या बाजूनं हसलेल्या पोरीचं नावही मी त्यात लिहीन.