आमच्या घरचा शेर

निघाले त्या सकाळी पळसदरीच्या घरात बाबा माझ्यासाठी पिशवीत तांदूळ मोजून घालत होते. हातात आजोबांच्या वेळचा पितळी शेर. "लाभ, दोन, तीन..." पहिल्या मापाला आमच्यात कोणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. मी खेकसले, "बाबा, मस्कतला तुमचं हे माप कोण विचारतंय? तिकडं सगळं किलो नि लिटर." ते हसले. "तुझा लिटर नि माझा शेर सख्खे भाऊ हायत गं. काय फरक पडतो?"

हे वाक्य तेवढं माझ्या लक्षात राहिलं. मेलं राहायलाच नको होतं.

इथं मस्कतला दुधाच्या कारखान्यात, लॅबमध्ये मी दिवसभर मिलिलिटर मोजते. जराशी गफलत दिसली की अख्खी बॅच परत पाठवते; सगळे टरकून असतात मला. गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, या शहाणपणाचं पुढं काय झालं ते ऐका.

बाबांच्या किडन्या बिघडल्या. कर्जतच्या डॉक्टरांनी बजावलं, दिवसाला लिटरभरच पाणी. जास्त झालं तर छातीत साठेल. आईनं फोनवर विचारलं, "लिटर म्हंजे किती गं?" मी कामात होते. म्हटलं, "आपला शेर घे. सकाळी भरून ठेव. त्यावर थेंब नाय द्यायचा."

महिन्याभरात सूज पायांवरून गुडघ्यांवर चढली, मग तोंडावर आली. व्हिडिओ कॉलवर बाबांना मी क्षणभर ओळखलंच नाही. आईवर तोंड सोडलं, "चोरून पाणी पाजतेस तू त्यांना!" ती रडली. "नाय गं बाय, देवाशप्पथ, मापानंच देते." माझा विश्वास बसला नाही. रजा टाकून गावी गेले ती तिची चोरी पकडायला.

स्टेशनवर घेतलेली पाण्याची लिटरची बाटली तशीच बंद होती. "हे बघ, एवढंच द्यायचं," म्हणत मी ती आईसमोर शेरात ओतली. बाटली संपली. शेर भरला नाही. वर चार बोटं पितळ कोरडंच राहिलं.

मी जगाचे मिलिलिटर मोजत बसले, आणि घरचं माप एकदाही मोजून पाहिलं नव्हतं. घरचं आहे म्हणजे बरोबरच असणार; माझ्यासाठी घर म्हणजे एवढंच होतं.

बाबा खाटेवर उशांना टेकून धापा टाकत होते. ओतल्याचा आवाज ऐकून त्यांनी डोळे किलकिले केले.

"लाभ," ते म्हणाले. "आता दोन घाल की गं."

आई शेराकडे बघत राहिली. "म्हंजे मीच जास्त दिलं का गं?"

"नाय आई," मी म्हटलं. "मी दिलं."