खांबापुढची गाडी

गल्लीत तिला सगळे पट्टीवाली ताई म्हणत. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन जखमा साफ करायच्या, पट्ट्या बदलायच्या, हे तिचं काम. ती ज्या सेवासंस्थेत होती, तिने तिला बॅटरीवरची गाडी दिली. पण ताई राहायची तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत, गाडी रस्त्यावर. चार्जिंगसाठी तिने खिडकीतून वायर सोडली, तर तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या हेडमास्तरांनी आठवड्याच्या आत तक्रार ठोकली. फुटपाथवर कुणाचा पाय अडकला तर? वायर गुंडाळावी लागली.

मग तिने रस्त्यावर चार्जिंगचा खांब मागितला. दोन वर्षं पालिकेत खेटे घातले, दारोदार सह्या गोळा केल्या. खांब आला, तो नेमका हेडमास्तरांच्या दारासमोर. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपली खटारा पेट्रोलची गाडी खांबाला चिकटवून उभी केली.

"सर, जरा पुढे घेता का? मला चार्जिंगला लावायचीय."

"रस्ता काय तुझ्या नावावर आहे?"

पालिकेच्या माणसाने काचेवर नोटीस चिकटवली, मास्तरांनी ती फाडली. ताई रोज सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन चार्जिंगच्या रांगेत थांबायची. उशीर होऊ लागला. संस्थेने दोनदा समज दिली.

त्या हिवाळ्यात मास्तरांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, झोपून झोपून पाठीला जखमा पडल्या. आणि ताईच्या यादीत त्यांचा पत्ता आला.

चिकटलेली पट्टी आधी सलाइनने भिजवायची असते, मग हळूच सोडवायची. ताईने मास्तरांची पट्टी कोरडीच ओढली. ते किंचाळले. सून धावत आली.

"काही नाही," ताई म्हणाली, "थोडं दुखणारच."

चार दिवस हेच. पाचव्या दिवशी मास्तर मुलाला कसंबसं म्हणाले, "गाडी... काढ." मुलाने दोन माणसं बोलावून ती ढकलत नेली. ताईने आपली गाडी खांबाला जोडली, हिरवा दिवा लागलेला पाहिला आणि आत गेली.

"दिली... जागा," मास्तर म्हणाले. डोळ्यांत आशा होती.

"हो सर, बघितलं."

तिने हातमोजे चढवले आणि पट्टीचं टोक धरलं. सलाइनची बाटली पिशवीतच राहिली.

घरी आल्यावर ती बराच वेळ हात धूत होती. जागा मिळाली होती, रागही फारसा उरला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी तिने तेच केलं.

मास्तर आणखी तीन आठवडे जगले. ताईची चाहूल लागली की ते उशीत तोंड खुपसत, आणि सून स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावी.

ते गेल्यावर मुलगा तिसऱ्या मजल्यावर आला. "ताई, तुम्ही बाबांचं फार केलंत हो," तो हात जोडून म्हणाला. त्याच्यामागे जिन्यात उभी असलेली सून भिंतीकडे बघत होती.

"असू द्या," ताई म्हणाली. "माझं कामच ते."